मुलीला अमेरिकेला पाठवताना बंदुकीची भीती किती बाळगावी?

सांगलीच्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळालाय, ऑगस्टमध्ये निघायचंय. टीव्हीवर सारखे तिकडच्या शाळा-कॉलेजातले गोळीबार दाखवतात, ते बघून झोप लागत नाही. इतकी पोरं मरूनही ही माणसं बंदुका बंद का करत नाहीत, आणि आईबापांनी नेमकी किती भीती बाळगायची?

ताई, मिरजेच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस होऊन मी इकडं आलो त्याला आता सव्वीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस पेनसिल्व्हेनियातल्याच फिलाडेल्फियात, ट्रॉमा सर्जन म्हणून. मिरजेत कॅज्युअल्टीला जशी साप चावलेली, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेली माणसं यायची, तशी इथं गोळी लागलेली येतात. त्यामुळं तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी वर्तमानपत्रातून देत नाही. पण आधीच सांगतो, तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ते माझ्या टेबलावर फार क्वचित येतं. जे येतं ते टीव्हीवर दिसत नाही. आणि ज्यानं इथं सगळ्यात जास्त माणसं मरतात, ते माझ्यापर्यंत पोचतच नाही.

आकडे एकदाच देतो. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. खून २०,९५८. बाकी अपघात, पोलिसांच्या गोळ्या वगैरे. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी बंदूक स्वतःवरच चालवली. हल्लेखोर सोडून चार किंवा जास्त जणांना गोळी लागली की मास शूटिंग, असं मोजणारी एक संस्था आहे. तिच्या हिशेबानं २०२३ मध्ये असे साडेसहाशेहून जास्त प्रकार झाले. ऐकून छाती दडपते. पण त्यातले बहुतेक प्रकार म्हणजे पार्टीत झालेलं भांडण, दोन गल्ल्यांमधलं वैर, नाहीतर बायको सोडून गेली म्हणून सगळ्या घरावर काढलेला राग. शाळेत किंवा मॉलमध्ये शिरून दिसेल त्याला मारत सुटणारा माणूस त्यात थोडाच. आणि सगळे मिळूनही बंदुकीच्या शंभर मृत्यूंमागं ते एक-दोन भरतात.

आता माझ्याकडची एक रात्र सांगतो.

या शहरात गोळी लागलेल्याला पोलिस बऱ्याचदा ॲम्ब्युलन्सची वाट न बघता स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर घालून आणतात. वर्षानुवर्षांची पद्धत आहे आणि माझ्या मते चांगली आहे. रक्त जात असताना रस्त्यावर मलमपट्टीत घालवलेली मिनिटं आम्हाला इथं भोवतात. तर गाडी दारात येते, पोरगा उतरवतात, कात्रीनं सगळे कपडे कापून काढतात आणि आम्ही मोजायला लागतो. भोकं मोजायची. काखेत, जांघेत, डोक्याच्या केसांत, पाठीवर, सगळीकडं बघायचं. प्रत्येक भोकावर साधी पेपरक्लिप चिकटवायची, म्हणजे एक्स-रेत ती जागा दिसते. मग फिल्मवर आत राहिलेल्या गोळ्या मोजायच्या. भोकं आणि गोळ्या मिळून आकडा सम यायला हवा. गोळी आरपार गेली तर भोकं दोन. आत राहिली तर भोक एक आणि गोळी एक. विषम आकडा आला तर काहीतरी सुटलंय, परत शोधा. आत शिरलेलं ते भोक, बाहेर पडलेलं हे भोक, असं आम्ही कागदावर लिहीत नाही. ते चुकतं आणि कोर्टात वकील फाडून खातात. नुसतं भोक लिहायचं.

एका रात्री एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. भोकं तीन, एक्स-रेत गोळ्या दोन. पाच. परत उलटा केला, केस चाचपले, जिभेखालीसुद्धा बघितलं. चौथं भोक काही सापडेना. शेवटी आमच्या नर्सबाईंनी डाव्या नितंबाजवळची एक जुनी, पांढरी पडलेली खूण दाखवली. एक गोळी दोन वर्षांपूर्वीची होती. आम्हीच तेव्हा ती आत ठेवली होती. (सिनेमात गोळी काढून ती वाटीत टण्णकन टाकतात तसं इथं होत नाही. रक्त थांबवणं महत्त्वाचं. अडचणीच्या जागी नसेल तर गोळी जन्मभर आत राहिली तरी चालते.) तीन अधिक एक, चार. हिशेब जुळला. पण त्या रात्री मी घरी जाऊन जेवलो नाही. दोन वर्षांपूर्वी तो पोरगा टाके काढून गेला, तेव्हा आम्ही त्याला गोळ्या-औषधांची चिठ्ठी दिली आणि होता त्याच गल्लीत परत पाठवला. तो परत येणार हे डॉक्टरांनाच नाही, तर दारावरच्या सिक्युरिटीवाल्यालाही ठाऊक होतं.

शिकागोत गॅरी स्लटकिन नावाचे साथरोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी २००० च्या सुमारास हे मांडलं की गोळीबार क्षयासारखा पसरतो. एकाला लागली की त्याचा भाऊ, मित्र पुढच्या गोळीबाराला तयार होतात. मग साथीत जसे गावातले आरोग्यसेवक घरोघर जातात तशी त्याच वस्तीतली, कधीकाळी स्वतः त्या भानगडीत असलेली माणसं जखमीच्या खाटेपाशी पाठवायची. भाऊ सूड घ्यायला निघालाय का, आजची रात्र त्याला कुठं ठेवता येईल, एवढंच बघायचं. हे काम आता बऱ्याच रुग्णालयांत चालतं. मी आधी नाक मुरडलं होतं. आता माझ्या वॉर्डात असा एक माणूस आला नाही तर मीच फोन करून बोलावतो. फिलाडेल्फियात २०२१ मध्ये ५६२ खून झाले, आजवरचा उच्चांक. २०२४ मध्ये २६९. श्रेय घ्यायला महापौरांपासून सगळे पुढं आहेत. कुणाच्या वाट्याला किती, हे मी तरी सांगू शकत नाही. कोविडची विस्कटलेली घडी बसली हेही त्यात आलं. पण अशी माणसं नेमणाऱ्या अनेक संस्थांचं अनुदान केंद्रीय न्याय खात्यानं २०२५ च्या एप्रिलमध्ये मधेच थांबवलं, हे मात्र माझ्या मनातून जात नाही.

तुम्ही म्हणाल, इथली माणसंच वाईट. तसं नाही हो. पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या तुम्ही वाचता ना? तेच वय, तोच माज, तीच "बघून घेतो"ची भाषा, रीलवर टाकलेली तीच धमकी. पण कोयता घेऊन माणसाच्या अंगावर जावं लागतं. तो पळू शकतो, कुणी मधे पडू शकतं, वार हातावर झेलता येतो. कोयत्याचा वार भिंत ओलांडून पलीकडच्या ओट्यावर खेळणाऱ्या पोरीला लागत नाही. इथं लागतो. आपल्याकडंही हाताशी बंदूक असली की काय होतं ते ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर–मुंबई गाडीत दिसलं: रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानानं सरकारी बंदुकीनं आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी मारले. तो राग आणि ती बंदूक एका डब्यात होते, एवढंच.

आत्महत्येचंही तसंच, आणि हे सांगलीच्या माणसाला अमेरिकनापेक्षा लवकर समजेल. आपल्याकडं म्हणतात, "त्यानं औषध घेतलं." शेतातल्या फवारणीचा डबा पडवीत, हाताला लागेल असा असतो. ज्या दहा-पंधरा मिनिटांत माणसाला काही सुचत नाही, त्या मिनिटांत तो डबा समोर असतो. श्रीलंकेनं १९९० च्या दशकापासून सगळ्यात जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली, आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीस वर्षांत सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरलं. लोकांची दुःखं काही सत्तर टक्क्यांनी कमी झाली नव्हती. इथं त्या डब्याच्या जागी पलंगाशेजारच्या ड्रॉवरमधलं पिस्तूल आहे. त्यानं केलेल्या दहा प्रयत्नांपैकी नऊच्या आसपास जिवावर जातात. मी म्हणालो ना, ते माझ्यापर्यंत पोचत नाहीत, ते म्हणजे हे. आणि एकदा प्रयत्न करून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढं आत्महत्येनं मरत नाहीत, जगतात. तेवढी मिनिटं टळली पाहिजेत.

मोठ्या गोळीबारांकडं येतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी टाळतोय. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बत्तीस जण मारले गेले. त्यात एक भारतीय प्राध्यापक होते आणि मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी. तेव्हा इथल्या प्रत्येक मराठी घरातला फोन वाजत होता. पुढं २०१२ मध्ये सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं. २०२२ मध्ये टेक्सासच्या युवाल्डीत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका, आणि पोलिस तासाहून जास्त वेळ वर्गाबाहेर उभे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी संसदेपुढं सांगितलं की दोन मुलांची ओळख फक्त कपड्यांवरच्या कार्टूनच्या चित्रांवरून पटली. हे का होतं ते सर्जन म्हणून सांगतो. साध्या पिस्तुलाची गोळी सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटरनं जाते. यकृतातून गेली तर एक बोगदा करते. तो मी कापडी पॅड खच्चून भरून बंद करतो, दुसऱ्या दिवशी परत उघडतो, बरेच जण वाचतात. एआर-१५ जातीच्या रायफलीची गोळी नऊशेच्या पुढं जाते. वेग दुप्पट-अडीचपट, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. गोळी जिथून जाते त्याच्या आजूबाजूचं मांसही फाटतं. तिथं पॅड भरायला यकृतच उरलेलं नसतं. लहान मुलात तर सगळे अवयव एका तळहातात मावतील इतक्या जवळ असतात.

हे करणारे वेडे असतात का, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. मानसिक आजार सगळ्या देशांत आहेत आणि बहुतेक रुग्ण कुणाला बोटही लावत नाहीत. शाळेत हल्ले केलेल्यांचा अभ्यास इथल्या सीक्रेट सर्व्हिसनं २०१९ मध्ये केला. त्यात बंदूक वापरणाऱ्या चारातल्या तिघांनी ती आईबापाच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. बहुतेकांनी आधी कुणाला तरी सांगितलेलंही असतं. २०२१ मध्ये मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत पंधरा वर्षांच्या मुलानं चार जणांना मारलं. बंदूक बापानं चार दिवसांपूर्वी घेतलेली. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांना सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली, किमान दहा वर्षांची. कुलूप लावलं नाही आणि मुलाची लक्षणं दिसूनही दुर्लक्ष केलं म्हणून. मला तो निकाल कुठल्याही नव्या कायद्याइतका महत्त्वाचा वाटतो.

आणि बंद का करत नाहीत? ऑस्ट्रेलियानं १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला पस्तीस माणसं मेल्यावर काही दिवसांत कायदा ठरवला आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. त्यांच्या राज्यघटनेत बंदुकीचा हक्क नव्हता. इथं १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे. तो प्रत्येक नागरिकाचा वैयक्तिक हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये तो घराबाहेरही लागू केला. लोकांकडं असलेल्या बंदुकांचा २०१८ मधला अंदाज एकोणचाळीस कोटींचा होता, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. आपल्याकडं परवान्यासाठी पोलिस आयुक्त नाहीतर कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. इथं बहुतेक राज्यांत दुकानदारानं संगणकावर पार्श्वभूमी तपासली की झालं, आणि बऱ्याच राज्यांत एका खासगी माणसानं दुसऱ्याला विकली तर तेवढंही नाही. सँडी हूकनंतर ही फट बुजवायचं विधेयक आलं. त्याच्या दोन शिल्पकारांपैकी एक आमच्याच राज्याचे तेव्हाचे रिपब्लिकन सिनेटर पॅट टूमी. एप्रिल २०१३ मध्ये त्याला चौपन्न मतं मिळाली. बहुमत होतं, पण लागत होती साठ. तिथं ते मेलं. २०२२ मध्ये युवाल्डीनंतर एक छोटा कायदा झाला, त्यात एकवीसच्या आतल्यांची तपासणी कडक केली. तेवढ्यालाही जवळपास तीस वर्षं लागली.

आम्हा डॉक्टरांना तर बोलायचीही बंदी घालून झाली. फ्लोरिडानं २०११ मध्ये कायदा केला की डॉक्टरनं पेशंटला घरात बंदूक आहे का हे विचारायचं नाही. ती बंदी २०१७ मध्ये कोर्टानं रद्द केली. २०१८ मध्ये बंदूकवाल्यांच्या मोठ्या संघटनेनं ट्विट केलं की डॉक्टरांनी आपल्या लेनमध्ये राहावं, म्हणजे आपल्या कामापुरतं बोलावं. त्यावर देशभरातल्या सर्जननी ऑपरेशन थिएटरच्या रक्तानं माखलेल्या फरशांचे फोटो टाकले: हीच आमची लेन.

मुलीच्या बाबतीत ठोस काय करायचं ते सांगतो.

कॅम्पसवर माथेफिरू येईल ही भीती तिच्या बॅगेत भरून देऊ नका. इथं रस्त्यावरच्या अपघातांत वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास माणसं जातात. मैत्रिणीच्या गाडीत मागं बसली तरी बेल्ट लावायला सांगा. बरीच विद्यापीठं सुरुवातीला "पळा, लपा, शेवटी लढा" असं प्रशिक्षण देतात, ते तिनं फोन न बघता ऐकावं.

ज्याची खरी काळजी करावी ती गोष्ट वेगळी. पैसे कमी पडले की मुलं पेट्रोलपंपावर, छोट्या किराणा दुकानात रोखीनं रात्रपाळी करतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय असं कॅम्पसबाहेर काम करणं बेकायदा आहेच, पण दरोड्यात गोळी लागून मेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या बातम्या काढून बघा, गल्ल्यामागं उभी असलेली पोरं त्यात पुन्हा पुन्हा दिसतील. तिला सांगा, पैसे लागले तर बाबांकडं माग, लाजू नको. आणि कुणी पिस्तूल दाखवून फोन मागितला तर फोन द्यायचा. हुज्जत नाही.

रात्री पत्ता शोधत अनोळखी घराच्या आवारात शिरायचं नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात चुकीच्या घराची बेल वाजवली म्हणून एका मुलाला, आणि चुकीच्या ड्राइव्ह-वेत गाडी वळवली म्हणून एका तरुणीला गोळ्या घातल्या गेल्या. मुलगा वाचला, तरुणी नाही.

घर शेअर करताना भाडं, किचन, वायफाय विचारतो तसं सरळ विचारायचं: घरात बंदूक आहे का, आणि असेल तर कुलपात आहे का? इथं तीनातल्या एका प्रौढाकडं बंदूक आहे. विचारण्यात अपमान नाही. आपल्या लोकांनाही विचारायचं, बरं का. आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांनी २०२० च्या दंगलींत घाबरून पिस्तूल घेतलं. गणपतीच्या जेवणाला गेलो तेव्हा मोठ्या अभिमानानं दाखवलं: बेडरूमच्या कपाटात, मखराच्या थर्मोकोलच्या खोक्यामागं, भरलेलं. घरात सोळा वर्षांचा मुलगा, त्या वर्षी शाळेत नापास झालेला, जेवायलाही खाली न आलेला. मी म्हटलं, गोळ्या वेगळ्या ठेवा, बंदूक सेफमध्ये, आणि नंबर मुलाचा वाढदिवस नको. ते चिडले. "डॉक्टर, इथं येऊन काम कशाला करता?" म्हणाले. तीन दिवसांनी वहिनींचा फोन आला, सेफ कुठल्या दुकानात मिळते विचारायला.

मुलगी नुसती "बरी आहे" म्हणायला लागली, व्हिडिओ कॉलवर पडदे बंद दिसू लागले, रात्रीचं जेवण सुटलं, तर फोनवर रागावू नका. विद्यापीठात समुपदेशक असतात, बहुतेक ठिकाणी फुकट. आणि जीव नकोसा झाला तर मदतीसाठी असलेला ९८८ हा नंबर चोवीस तास चालतो, देशात कुठूनही. तो तिच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून द्या, आणि तिच्या रूममेटचा नंबर तुमच्या.

शेवटचं एक. सँडी हूकनंतर सर्जन मंडळींनी "स्टॉप द ब्लीड" नावाचा वर्ग सुरू केला. तास-दीड तासाचा असतो, बऱ्याच विद्यापीठांत विनामूल्य. रक्त उसळत असेल तर काही मिनिटांत माणूस जातो, तेवढ्यात आम्ही पोचत नाही. हातापायाला असेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, टूर्निके म्हणजे दांडी असलेला आवळपट्टा बांधून रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची. दुखेल, किंचाळेल, सोडायचा नाही. वेळ त्याच्यावरच पेनानं लिहायची. जांघेत किंवा काखेत असेल तर जखमेत कापड बोटांनी आत कोंबायचं आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबून धरायचं. हे मोटारीच्या अपघातातही उपयोगी पडतं, खरं तर तिथंच जास्त. टूर्निके तिनं इथं आल्यावरच घ्यावा, आणि नावाजलेल्या कंपनीचा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकलांची दांडी ऐन पिळताना मोडते. मी एक मोडून बघितलाय, तिसऱ्या वेढ्यालाच हातात आला.